बारा गुलाबी फ्लास्क

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता बाराच्या बारा फ्लास्क मेलेले सापडले आणि साडेनऊला गुन्हेगारही ठरला. मला बोलावलं साडेदहाला. म्हणजे मला तपासासाठी नव्हे, सहीसाठी बोलावलं होतं. संस्थेच्या संचालकांनी, म्हणजे साहेबांनी, मी खुर्चीत नीट बसायच्या आत तसं सांगूनही टाकलं.

"बाई, तुम्ही हॉस्पिटलात तीस वर्षं पेशी तपासल्यात. तुमच्या शब्दाला वजन आहे. शुक्रवारी दुपारी बाराला समिती बसेल, तोवर अहवाल द्या. ती मुलगी गेली की विषय संपला."

"गेली म्हणजे?"

"नाव कमी, संशोधन रद्द. दुसरं काय?"

एका पोरीची पाच वर्षं, आणि म्हणे दुसरं काय! माझं डोकं तिथेच तापलं. निवृत्त झाल्यावर रागवायचं कमी करीन, असं मी माझ्या डॉक्टरांना कबूल केलं होतं. पण माणसं मला साथ देत नाहीत. हॉस्पिटलात माझ्या पाठीमागे मला 'मिरची' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. तिथलं काम थोडक्यात असं. शहराबाहेरच्या मिठागरात काही खड्ड्यांचं पाणी इतकं खारट असतं, की त्यात दुसरं काही जगत नाही; पण गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव तिथे मजेत नांदतात. त्यांना मीठ लागतंच. साध्या पाण्यात पडले की ते फुगतात आणि फुटतात. पाच वर्षांपूर्वी या मुलीने त्यांच्यातला एक वाण वेगळा काढला. त्याचा अर्क बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर घातला, तर एका दिवसात दहातल्या नऊ पेशी मेल्या. गेल्या वर्षी साहेबांनी ही बातमी वर्तमानपत्रांना दिली. सोबत स्वतःचा फोटोही दिला.

आता ते बारा फ्लास्क फळीवर ओळीने उभे होते. आतलं पाणी दाट आणि गढूळ गुलाबी असायला हवं होतं. ते पातळ, फिकं, आरपार दिसणारं झालं होतं. मी एक फ्लास्क हलवला. आत शेंबडासारखे धागे फिरले. पेशी फुटून तिच्या पोटातलं सगळं बाहेर आलं की पाण्याला अशी तार येते. कोणीतरी बरंचसं मीठपाणी ओतून देऊन फ्लास्क साध्या पाण्याने पुन्हा भरले होते.

शेजारी आणखी दोन फ्लास्क होते, नुसत्या मिठाच्या पाण्याचे. त्यांना हात लागलेला नव्हता. त्यांच्याजवळ एका काचेच्या बरणीत गुलाबीसर मिठाचे खडे होते. तीही जशीच्या तशी होती.

"तिची नोंदवहीही गायब आहे," साहेब दारातून म्हणाले. "स्वतःचा निष्काळजीपणा दिसू नये म्हणून तिनेच लपवली असणार."

मी फ्लास्कांच्या तोंडातली कापसाची बुचं बघत होते. त्या दोन फ्लास्कांची बुचं पांढरी स्वच्छ होती. मेलेल्या बाराही फ्लास्कांच्या बुचांची कड करपून तपकिरी झाली होती. फ्लास्क उघडताना बाहेरचे जंतू आत शिरू नयेत म्हणून त्याचं तोंड स्पिरिटच्या दिव्यावर शेकतात. त्यात कापूस असा करपतो.

म्हणजे ज्याने त्यांना मारलं, त्याने मारण्याआधी त्यांची नीट काळजी घेतली होती.

२

त्या मुलीला सगळे 'मुंगी' म्हणत. चण लहान आणि सदानकदा कामात. माझ्यासमोर बसली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

"शनिवारी एकला मी निघाले, मॅडम. तेव्हा फ्लास्क छान होते. वही टेबलावर होती."

"फ्लास्क उघडताना स्पिरिटचा दिवा लावतेस का?"

"नाही. आम्ही काचेच्या बंद कपाटात काम करतो, आत गाळलेली हवा असते. दिवा जुनी माणसं लावतात. म्हणजे... तुमच्या वयाची." ती चपापली. "सॉरी."

"असू दे. शनिवारी वहीत काय लिहिलंस?"

ती उठली, दार लोटून आली आणि हळू आवाजात बोलू लागली.

"आम्ही या जिवांना मिठाच्या पाण्यात वाढवतो. त्यातूनच अर्क काढतो, वाळवतो, पूड करतो. मग ती पूड पेशींवर घालतो. मला एकदम वाटलं, या पुडीत मीठ किती असेल? ते आम्ही कधी बघितलंच नव्हतं. म्हणून मी काहीच न वाढवलेलं रिकामं मीठपाणी घेतलं. त्याला तेच सगळे सोपस्कार केले आणि शुक्रवारी ते पेशींवर घातलं."

"शनिवारी किती मेल्या होत्या?"

"दहातल्या नऊ."

मी डोळे मिटून घेतले. इतकं मीठ घातलं तर कर्करोगाचीच काय, कुठलीही पेशी मरेल. माझ्या हॉस्पिटलातल्या नवख्या पोरालाही हे समजलं असतं. पण आमच्याकडे कोणी मिठात काही वाढवत नव्हतं. इथल्या लोकांचं सगळं आयुष्य मिठात गेलेलं, त्यामुळे ते त्यांना दिसेनासंच झालं होतं.

"या वाणात काही नाही असं नाही हं, मॅडम," ती घाईने म्हणाली. "असेलही. मीठ पूर्ण काढून टाकून पहिल्यापासून बघावं लागेल. पण आजवरचे आकडे मिठाचे आहेत."

"पण वाण तर मेला ना?"

"बरणीत आहे की! मिठाच्या खड्यांत ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. हे मला साहेबांनीच शिकवलंय. सहा आठवड्यांत परत वाढतील. आज तसं म्हटलं तर माझ्यावर खेकसले, की बरणीला हात लावायचा नाही."

"शनिवारचं हे तू कोणाकोणाला सांगितलंस?"

"फक्त नानांना. ते बशा न्यायला आले होते, त्यांना मायक्रोस्कोपमधून दाखवलं. साहेबांना मी आज सांगणार होते." तिने नाक पुसलं. "मॅडम, मी फ्लास्क मारले नाहीत. त्या वाणासाठी मी पाच वर्षं घरच्यांची बोलणी खाल्लीत. शुक्रवारी मला काढलं, तर मी घरी काय तोंड दाखवू?"

मी फाटकावरची नोंद मागवली. शनिवारी मुंगी एकला बाहेर पडली. प्रयोगशाळेतले जुने मदतनीस नाना तीनला गेले. चारला साहेबांचे मेहुणे आले आणि अर्ध्या तासाने गेले. रविवारी सकाळी अकराला एकटे साहेब आले होते. सुट्टीच्या दिवशी.

३

बुधवारी मी साहेबांच्या मेहुण्यांना गाठलं. मेहुणेबुवांची एक कंपनी होती आणि हे औषध तीच बाजारात आणणार होती. त्यांच्या कोटाला अत्तराचा इतका वास येत होता की मला शिंक आली.

"साध्या पाण्याने मेले? पाण्याने कोणी मरतं का हो?" ते मनापासून हसले. "मला वाटलं, फ्लास्क धुऊन ठेवलेत."

"कधी वाटलं?"

"शनिवारी. माहितीपत्रकासाठी फोटो काढायला आलो होतो ना, मोबाइलला टायमर लावून. मस्त आलाय, बघा तरी."

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत ते स्वतः, बत्तीशी दाखवत. कोपर टेबलावर, कोपराखाली निळ्या पुठ्ठ्याची वही. मागे फळीवर फ्लास्कांची ओळ, आणि फ्लास्कांच्या आरपार भिंतीवरच्या फरशांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या.

तो फोटो मी दोनदा पाहिला आणि मग स्वतःसाठी मागून घेतला.

"आवडला?" मेहुणेबुवा खूश झाले.

"फारच," मी म्हणाले.

मग मी साहेबांकडे गेले. खोलीच्या भिंतीवर त्या बातमीची चौकट टांगली होती.

"वाण आणखी कुठे जपून ठेवलाय का?" मी विचारलं.

"कुठेही नाही. कायमचा गेला." त्यांनी उसासा टाकला. फार सफाईदार उसासा होता. "आता कोणालाच ते प्रयोग पुन्हा करता येणार नाहीत. केवढं नुकसान! आणि कोणामुळे? हातातलं काम सोडून रिकामं मीठपाणी पेशींवर ओतत बसलेल्या एका पोरीमुळे."

मी मान डोलावली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तीस वर्षांच्या नोकरीने मला एक शिकवलं आहे. समोरचा स्वतःचाच खड्डा खणत असेल, तर त्याच्या हातातलं फावडं काढून घेऊ नये.

जिन्यात मी कठड्याला धरून उभी राहिले. मुंगीने ती गोष्ट फक्त नानांना सांगितली होती. आणि वहीत लिहिली होती.

आतापर्यंत सगळेच एक गुन्हेगार शोधत होते, मीसुद्धा. तिथेच पाणी मुरत होतं. फ्लास्क मारणारा हात एक होता आणि वही उचलणारा दुसरा. फोटो चारचा. तेव्हा फ्लास्क मेलेले होते, म्हणजे ते एक ते चारच्या मध्ये मेले. वही मात्र टेबलावरच होती. चारनंतर ती उचलू शकणारी माणसं दोनच. त्यातल्या एकाने तर वहीवर कोपर टेकून फोटो काढला. ती काय आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

वहीचा चोर मला सापडला होता. पण फ्लास्क मारणाऱ्याकडे जायला माझे पाय उचलत नव्हते.

४

काचा धुवायच्या खोलीत नाना एकटेच होते. साठीला टेकलेला माणूस, हाताची बोटं साबणाने पांढरी पडलेली. बशा बंद कपाटापाशी नेऊन देणं, फ्लास्क भरणं, रोज हलवणं, बुचं घालणं हे सगळं तेच करत. बाजूला स्पिरिटचा दिवा होता.

"नाना, मारायचंच होतं तर तोंडं कशाला शेकलीत?"

त्यांनी नळ बंद केला. नाकारतील असं मला वाटलं होतं.

"सवय," ते म्हणाले. "हात आपोआप गेला दिव्याकडे. बारावा फ्लास्क उघडताना लक्षात आलं, की मी हे काय करतोय. तेव्हा मलाच हसू आलं. मग रडू आलं."

"का केलंत?"

"माझी बहीण आहे धाकटी. गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली, वाटाण्याएवढी. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, बरी होईल. ती घाबरली. मी साहेबांना जिन्यात गाठून विचारलं. ते म्हणाले, 'चिरफाड कशाला करता? सहा महिने थांबा, आपलंच औषध येतंय.' एवढा मोठा माणूस खांद्यावर हात ठेवून सांगतोय! आम्ही आठ महिने थांबलो."

"आता?"

"काखेत पसरलंय. आता ऑपरेशन केलं तरी डॉक्टर खात्री देत नाहीत."

वाटाण्याएवढ्या गाठी मी हजारांनी पाहिल्या आहेत. वेळेत गाठ काढलेल्या बायका पुढे वीस-वीस वर्षं मला रस्त्यात भेटत.

"शनिवारी पोरीने बशी दाखवली," नाना म्हणाले. "म्हणाली, नाना, हे नुसतं मीठ आहे. मी रोज ते फ्लास्क हलवत होतो, बाई. घरी जाऊन बहिणीला सांगायचो, आज रंग काय सुंदर आलाय! ती विचारायची, अजून किती दिवस? मी म्हणायचो, थोडं थांब." त्यांनी हातातला फ्लास्क उपडा ठेवला. "पोर गेल्यावर मला काही दिसेना. बरंचसं मोरीत ओतलं आणि वर नळाचं साधं पाणी भरलं."

"बरणी का ठेवलीत? त्यातही ते आहेत, हे तुम्हाला माहीत होतं."

"हो. पण मुळासकट कसे मारू? त्यांचा काय दोष?"

इथे मला रडू आलं असतं. पण त्याआधी रागच आला, आणि तो नानांचा आला.

"आणि त्या पोरीचा काय दोष होता? ती तुमच्या डोळ्यांसमोर रडतेय आणि तुम्ही मूग गिळून बसलात!"

"नोकरी गेली तर बहिणीचे उपचार बंद होतील. ते संस्थेच्या आरोग्य कार्डावर चाललेत." त्यांनी मान खाली घातली. "हे कारण नाही, मला कळतं. पण रोज ठरवतो, उद्या बोलू."

"शुक्रवारी बाराला समिती आहे. तिथे तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन."

"बोलेन," नाना म्हणाले. "पण आधी बहिणीला सांगावं लागेल. ती अजून औषधाचीच वाट बघतेय."

५

शुक्रवारी बाराला समितीचे तिघे आले. एका बाजूला साहेब आणि मेहुणेबुवा, दुसऱ्या बाजूला मुंगी, हात मांडीखाली दाबून. अध्यक्षबाई वयस्कर आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांच्यासमोर मुंगीला काढून टाकायचा ठराव टाइप करून तयार होता. नानांचा पत्ता नव्हता.

मी फोटो टेबलावर ठेवला.

"हा शनिवारी चारचा. फ्लास्क मेलेत, वही जाग्यावर आहे. त्यानंतर त्या खोलीत एकच माणूस गेला, रविवारी अकराला. साहेब, वही कुठे आहे?"

"मला काय ठाऊक?" साहेब म्हणाले. "तुम्हाला चौकशीला बोलावलं, कथा रचायला नाही."

"ही मुलगी पेशींवर रिकामं मीठपाणी घालत होती, असं तुम्ही मला सांगितलंत. हे तुम्हाला कसं कळलं?"

"नानाने सांगितलं असेल."

"असेल? मी नानांना विचारलंय, ते शनिवारपासून तुमच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आठवून सांगा, मला घाई नाही."

"अहो दाजी," मेहुणेबुवा मध्येच म्हणाले, कारण शांतता त्यांना सोसत नसे, "निळी वही ना? ती तुमच्या गाडीत मागच्या सीटवर पडलीय. मी परवा तिच्यावरच बसलो."

साहेबांनी मेहुण्याकडे असं पाहिलं, की माझ्या रक्तदाबालाही बरं वाटलं. अध्यक्षबाईंनी शिपायाला गाडीकडे पाठवलं. दहा मिनिटांत वही आली. शनिवारचं पान उघडून त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हे खरं असेल, तर गेल्या वर्षीची बातमी खोटी आहे," त्या म्हणाल्या.

"अपुरी आहे," साहेब म्हणाले. "संस्थेचं नाव जपायला मी वही ठेवून घेतली. ते मान्य. पण फ्लास्क कोणी मारले, हा प्रश्न उरतोच ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दार उघडलं.

"मी मारले," नाना म्हणाले.

त्यांच्यामागे एक बाई होती. डोक्याला रुमाल, अंगात सैल स्वेटर, एक हात सुजलेला. तिने आधी मुंगीला शोधलं.

"हा माझा दादा. याने तुला पाच दिवस रडवलं. मला काल समजलं. त्याला जे बोलायचं ते मी घरी बोललेय."

मुंगीने मान हलवली. अध्यक्षबाईंनी तो टाइप केलेला ठराव घेतला, दोन तुकडे केले आणि म्हणाल्या, "नाना, तुमच्यावर कारवाई होईल."

"होऊ द्या."

"करा," मी म्हणाले, "पण यांच्या बहिणीचे उपचार एक दिवस जरी थांबले, तर या अहवालावर माझी सही नाही. मग हीच गोष्ट मी बाहेर सांगेन, आणि मला नीट सांगता येते."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "उपचार चालू राहतील," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

नानांच्या बहिणीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती टेबलाला वळसा घालून साहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही सहा महिने म्हणाला होतात. मी आठ थांबले. औषध कुठाय?"

"हे बघा बाई, विज्ञानात कधीकधी..."

"विज्ञानाचं मी या मुलीला विचारीन. तुम्हाला तुमचं विचारतेय. जिन्यात तुम्ही दादाच्या खांद्यावर हात ठेवलात, तेव्हा औषध येणार हे तुम्हाला माहीत होतं का?"

साहेबांनी समितीकडे पाहिलं. समितीने त्यांच्याकडे पाहिलं.

"खात्री नव्हती," ते शेवटी म्हणाले.

"मग थांबायला का सांगितलंत?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

तिने चांगल्या हाताने एक खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी समोर बसली.

"आठवा सावकाश," ती म्हणाली. "मला आता थांबायची सवय झालीय."